टाकीतल्या आप्पांचा कौल

थांबा थांबा, चिवडा तोंडात टाकू नका — प्लेट इकडे कठड्यावर ठेवा — आमच्या घरात आप्पांच्या आधी कुणी खायचं नाही आणि का म्हणून विचारायचं नाही. मला कळायला लागल्यापासूनचा नियम आहे हा. मी एकदा विचारलं होतं, तर आत्या म्हणाली, ‘तुझ्या बापानं कधी विचारलं नाय,’ आणि खरंच, पप्पांनी कधी विचारलं नाही, अजून विचारत नाहीत. तुम्ही पाहुणे, तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही, मला म्हणतील — ‘तू वर होतीस ना, सांगता येत नव्हतं?’ कुठे बघताय? जिन्याकडे नाही हो. आप्पा म्हणजे माझे आजोबा, ते जिन्यानं येणार नाहीत, ते पौषातच गेले. इकडे बघा, टाकीत. वाका थोडे. तो पांढऱ्या अंगाचा, ढेरपोट्या, डोक्यावर लाल मांसाची टोपी असलेला दिसतो का? ते आप्पा.

हसलात? हसून घ्या, सगळे वर आले की हसता येणार नाही. पण तुमच्या घरी सांगितलंय ना आत्यानं? नाही? ‘थोरल्यांचा कौल घेऊ’ एवढंच म्हणाली फोनवर? वाटलंच मला — अहो, येवल्याहून इथवर गाडी करून आलात, मागच्या सीटवर पैठणीचं खोकं ठेवून आलात — दिसलं मला खिडकीतून, जांभळी आहे — आणि कौल कुणाचा ते तुम्हाला माहीत नाही! तर ऐका. खाली चहा झाला की सगळे वर येणार. आत्या टाकीत भाताची दोन शितं टाकणार, एक या जिन्याच्या बाजूला, एक त्या डिश अँटेनाच्या बाजूला. जिन्याकडचं आधी खाल्लं तर हो, अँटेनाकडचं खाल्लं तर नाही. आपलं लग्न — तुमचं आणि माझं — मासा ठरवणार. आणि त्यानं ठरवलं की ठरलं, पुढे कुणी बोलायचं नाही. बसा, त्या उलट्या बादलीवर बसा, मजबूत आहे.

मासा माझाच आहे, तेच तर दुखणं आहे. हे सगळंच माझं — टाकी घरची जुनी सिमेंटची, पण वरचा स्लॅब मी फोडून घेतला, आतून रंग मी मारला, हे अर्धे कापलेले ड्रम भंगारातून आणले, खडी धुऊन धुऊन माझे हात सोलले. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, प्राणिशास्त्र. कल्पना सोपी आहे बघा — मासे पाण्यात घाण करतात, ते पाणी पंप वर चढवतो, वरच्या ड्रममधल्या खडीत बारीक जिवाणू असतात, ते त्या घाणीचं खत करतात, पालक ते खत खातो, पाणी चोख होऊन परत माशांकडे. माती नाही, खत विकत आणायचं नाही, पाणी तेच तेच फिरत राहतं. गोल्डफिशच का? कारण मला आवडले, दुसरं काय! तिलापी टाका, रोहू टाका, सगळे सांगत होते, निदान खाता येईल. मला नव्हतं खायचं. मला हे फुगलेले, शेपटी पदरासारखी सोडलेले, धड पोहता न येणारे पाहिजे होते, आणि खरं सांगते, घाण करण्यात यांचा हात कुणी धरणार नाही, पालकाला असाच प्राणी लागतो. आप्पा जिवंत होते तेव्हा रोज वर येऊन नाक मुरडायचे — ‘माशाच्या मुताची भाजी मी खायचो नाय.’ शेवटपर्यंत एक पान खाल्लं नाही. आता स्वतःच पुरवठा करतात.

नाही, पाणी बदलावं लागत नाही, फक्त उन्हानं आटतं तेवढं वरून घालायचं. चांगला प्रश्न विचारलात. खाली बसलेल्यांपैकी कुणी आजवर एक प्रश्न विचारला नाही — आशीर्वाद विचारले, मुहूर्त विचारले. तो आवाज? सायफनचा. ड्रम भरला की एकदम गटगट करून रिकामा होतो. आत्या म्हणते आप्पा घसा खाकरतात.

आता मासा आप्पा कसा झाला ते सांगते. दहाव्याला रामकुंडावर गेलो सगळे. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. रामकुंडावर, जिथे कावळे पिंडाची वाट बघत रांगेत बसलेले असतात, तिथे आमच्या पिंडाकडे एक फिरकेना — शेजारच्यांचं दोनदा होऊन गेलं. मग सुरू झालं — पप्पा म्हणाले, ‘आप्पा, घोटीची जमीन विकत नाही.’ नाही आला. काका म्हणाले, ‘भावाशी भांडणार नाही.’ नाही आला, कावळ्याला तरी ते पटेल का? आत्या म्हणाली, ‘पोरीचं लग्न वर्षात करतो’ — माझं, मला न विचारता, नदीकाठी, ओल्या साडीत — तरी नाही. शेवटी गुरुजींनी रीतीप्रमाणे दर्भाचा कावळा करून शिववला आणि म्हणाले झालं. सगळ्यांचं झालं, आत्याचं झालं नाही. ‘गवताचा कावळा माझ्या बापाला चालायचा नाय.’ घरी आल्या आल्या तिनं गच्चीवर भाताचं पान मांडलं, इथे, या टाकीच्या कडेवर. कावळा आला नाही, वारा आला. पान उलटलं, भात टाकीत. आणि हा — जो खडासुद्धा तोंडात घेतो, चघळतो आणि थुंकतो, ज्याला जगात अन्न आणि बिनअन्न असा फरकच कळत नाही — यानं खाल्ला. आत्यानं जी किंकाळी फोडली ती दिंडोरी नाक्यापर्यंत गेली असेल. ‘शिवला! आप्पा शिवले!’

मी म्हटलं, आत्या, मासा आहे तो. म्हणाली, डोक्यावर टोपी बघ. म्हटलं, आप्पांची टोपी पांढरी होती, याची लाल आहे. म्हणाली, वर गेल्यावर रंग मिळतो. बरं, त्यानंतर थांबली असती तरी चाललं असतं — तो काळा, डोळे बाहेर आलेला दिसतो? तो बुडबुड्यामागे लागलाय बघा. त्याला तिनं घोटीचे मामा ठरवलं. डोळे तसेच आहेत म्हणे. मामा जिवंत आहेत हो! त्यांना कुणीतरी कळवलं, तेव्हापासून येणं-जाणं बंद.

मग काय, रोज नैवेद्य. वरणभात, शिरा, अमावास्येला पुरणाची पोळी. पप्पांचा सुका बोंबील बंद — घरात शिजवायचा नाही, आप्पांच्या नाकाला वास जायला नको. आणि ड्रममधला पालक झाला प्रसाद. ‘आप्पांचा प्रसाद’ म्हणून जुड्या बांधून नातेवाइकांकडे जातो, लोक डोळे मिटून खातात, आणि तो कशावर वाढतो ते मी एकदा सांगायला गेले तर आईनं मला आत ओढलं. तुमच्या घरी पण आली होती ना जुडी? पराठे केले? चांगले झाले? — नाही, काही नाही, खा.

आणि एक सांगू का — कुणाला बोलू नका — ही मादी आहे. आप्पा मादी आहेत. फाल्गुनात आप्पांनी अंडी घातली. पालकाच्या खाली आलेल्या मुळांना, शेकड्यांनी, साबुदाण्यासारखी. आता तरी डोळे उघडतील म्हणून मी आत्याला मुद्दाम वर बोलावलं, दाखवली. तिनं बघितलं, बघितलं, हात जोडले आणि म्हणाली, ‘वंश वाढतोय.’ दुसऱ्या दिवशी आप्पांनी अंडी खाऊन टाकली. गोल्डफिश खातातच. त्यावर आत्या म्हणाली, ‘जिवंत होते तेव्हापण असंच करायचे, पोटची पोरं खाल्ली.’ आणि पहिल्यांदा मला वाटलं की हिला थोडंफार कळतंय.

हसताय तुम्ही. बरं हसता. मी समजत होते तुम्ही खाली बसला होतात तसेच असाल — गुडघ्यावर हात, ‘आई सांगेल तसं.’ हा शर्ट पण आईंनी काढून दिला ना? ओळखलं, घडीची रेघ आहे बाहीवर. गल्ल्यावर बसता की माग चालवता? म्हणजे — तुम्हाला माग चालवायचाय? स्वतः? आणि मोराऐवजी काय काढायचंय पदरावर? कांदे! अहो कांद्याचं नक्षीकाम, कुणी केलंय का असं? मी नेसेन. म्हणजे मी म्हणजे — कुणीही नेसेल. मग घरी सांगितलंत? का नाही? वडील गल्ल्यावर बसवतात म्हणून काय झालं, तोंड आहे ना?

बरं, मला बोलायला काय जातंय. मी तरी कुठे तोंड वापरते. मी मासा वापरते.

म्हणजे असं झालं — चैत्रात आत्यानं ठरवलं आप्पांना दुधाचा अभिषेक. मी खाली अंघोळ करत होते. वर येऊन बघते तर टाकी पांढरी, मासे वर तोंड काढून धापा टाकतायत, पंप फेस ओकतोय. दूध कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, माशांचा दम कोंडतो. अर्धी टाकी उपसली, नळाचं पाणी उन्हात ठेवून ठेवून घातलं, रात्रंदिवस हवा सोडणारा बबलर लावला, दोन छोटे मेले तरी. आणि आत्या खाली म्हणतेय, पुढच्या सोमवारी परत करू. मी शास्त्र सांगितलं. शास्त्र! अमोनिया सांगितला, जिवाणू सांगितले. ‘लय शिकलीस,’ म्हणाली. तेव्हा माझी सटकली आणि मी म्हटलं, ठीक आहे, मला नको विचारू, आप्पांनाच विचार. दोन शितं टाक. इकडचं खाल्लं तर दूध हो, तिकडचं खाल्लं तर नाही. आणि मी जाऊन उभी राहिले तिकडे. अँटेनाजवळ. बस, एवढंच केलं.

आलं लक्षात? रोज दोन वेळा यांना मी खायला घालते. माझी सावली पडली की हे तिकडे धावतात. मी इकडे तर इकडे, मी तिकडे तर तिकडे. कुठलाही मासा येतो, यात मोठं काही नाही. आप्पा तुरुतुरु माझ्याकडे आले, अँटेनाकडचं शीत खाल्लं. दूध बंद. एका शितात! मी आठवडाभर घसा कोरडा करत होते.

मग मी — आता तुम्ही असे बघू नका. आत्याचा मोतीबिंदू पिकला होता, भिंतीला धडकायची, ऑपरेशनला तयार नाही, डोळ्यात सुई म्हटलं की रडायची. आप्पांनी हो म्हटलं, ती रिक्षात बसली. आईला लग्नानंतर कधी आंब्यांच्या दिवसांत माहेरी राहता आलं नव्हतं, सासऱ्यांना कोण बघणार म्हणून. सासरे टाकीत, तरी कोण बघणार! आप्पा हो म्हणाले, आई गेली, चांगली लाल होऊन आली. माझं एम.एस्सी. — हो. पप्पांची तंबाखू — नाही. काकांना पप्पांच्या नावावर जुना ट्रॅक्टर घ्यायचा होता — नाही. सोसायटीतल्या बायका पण यायला लागल्या, त्यांना मी नाही म्हटलं, म्हणजे आप्पा नाही म्हणाले. आता घरात काय बोलतात माहितीये? ‘आप्पा गेल्यापासून शहाणे झाले.’ आयुष्यभर त्या माणसानं एका बाईला हो म्हटलं नव्हतं. मी केलं त्यांना शहाणं! आणि श्रेय? माशाला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगितलं कुणास ठाऊक. तुम्ही त्या कांद्यांचं बोललात म्हणून असेल. खाली जाऊन बोलणार नाही ना? बघा हं.

आज? आज मी कुठे उभी राहणार होते? होते म्हणजे — अँटेनाकडे, अर्थात. सकाळपासून यांना खायला घातलं नाहीये, चांगले भुकेले ठेवलेत. तुम्हाला बघितलंही नव्हतं तेव्हा, वाईट वाटून घेऊ नका, बघून नाही म्हणण्यापेक्षा न बघता नाही म्हटलेलं बरं. ओरडा नाही, रडारड नाही, ‘हिला काय झालंय, कोण आहे का हिचं’ नाही. आप्पांची इच्छा. तुमची पैठणी तुमच्या खोक्यात, आणि माझा पुढच्या महिन्यात आणखी एक ड्रम — आणि आता विचारताय की अजून तिकडेच उभी राहणार का. काय घाई आहे? चहा होऊ द्या त्यांचा. मी विचार करतेय. मी तुमच्यासमोर विचार करतेय, हे बघा, कुणी करू दिलं की येतो करता.

आल्या. चपला वाजल्या. उठा बादलीवरून.

या आत्या, सावकाश, पायरी ओली आहे. या काकू, तुमच्या मुलाजवळ थांबा. पप्पा, तुम्ही त्या पाइपवर पाय देऊ नका. काय? मी कुठे उभी राहू? जिन्याच्या पत्र्याखाली? का? ‘नवरीनं कौलाच्या टाकीपाशी थांबायचं नाय’ — हा नियम कधीचा? आत्या, हा नियम आज सकाळी तरी होता का? बरं. बरं, दोन पावलं मागे झाले. अजून किती? आणि शितं? एकच वाटीत आहे, दुसरं कुठंय? नाहीचं शीत आणलंच नाही? ‘शुभकार्यात नाही कसं टाकायचं?’ — आत्या, मग कौल कसला हा! एकच शीत, एकच बाजू, उपाशी मासा, तो काय तत्त्वासाठी उपाशी राहणार आहे? पप्पा, तुम्ही ऐकताय? आणि ते यांच्या हातात का देतेस? ‘जावईबापूंच्या हातून’ — जावई कुणी केलं यांना?

अश्विन, तुम्ही सांगा. हो, नावानं हाक मारली, होऊ दे. तुम्हाला माहितीये मासा कुणाकडे आणि का येतो. आत्ता या बादलीवर बसून ऐकलंत. मला मोठं भाषण नकोय, एवढंच म्हणा की असं नको. माझ्या बाजूनं नका बोलू, तुमच्या बाजूनं बोला — तुम्हाला तरी अशी बायको पाहिजे का, शितावर आलेली? बोला ना. खाली नका बघू. आईंकडे नका बघू हो, त्या काय सांगणार! ते शीत परत वाटीत ठेवा. ठेवा. एवढं तर जमेल, त्याला तोंडही लागत नाही.

हात टाकीकडे पुढे केलात.

बाजूला व्हा. आत्या, सोड माझा दंड — सोड म्हणते ना. सगळे बघा. ही मी इथे उभी राहिले, जिन्याकडे. आले आप्पा? आले. आता तिकडे जाते, पप्पा, सरका — आता अँटेनाकडे. बघा कुठे आले. शीत नाही, काही नाही, माझी नुसती सावली. परत येऊ? पंपाकडे येऊ? हे बघा. त्या काळ्या मामांना घेऊन आले. जितके फेरे मारीन तितके मारतील. दूध मी बंद केलं. ट्रॅक्टर मी बंद केला. आत्या, तुला सुईची भीती वाटत होती तेव्हा रिक्षात मी बसवलं तुला, तुझ्या बापानं नाही. सगळं मी, आणि मला वाटत होतं मी लय हुशार, कुणाशी भांडावं न लागता माझं चालतंय. चालत नव्हतं. मला कुणी विचारतच नव्हतं, आणि तुम्हाला मला विचारायची सवय मी लागू दिली नाही.

तर आता ऐका, मासा नाही, मी बोलतेय. नाही. मला हे लग्न करायचं नाही. आणि काकू, तुमच्या मुलात खोट नाही, चांगला हसतो, डोक्यात चांगलं काहीतरी आहे त्याच्या, मघाशी वर येऊन कुणी मला साधं विचारलं असतं, ‘काय गं, कसा वाटला?’ — तर मी काय म्हटलं असतं मला स्वतःला सांगता येत नाही. पण कुणी विचारलं नाही. आणि त्याला मी विचारलं तर तो बोलला नाही. म्हणून नाही. पैठणीचं खोकं उघडू नका, आहे तसं न्या.

झालं माझं बोलून. आता बोला. आत्या, बोल, लय शिकलीस म्हण. पप्पा? — आई, तू तरी. असे टाकीत काय बघताय सगळे, तिथून काही येणार नाहीये. मी इथे आहे. अहो, ओरडा की कुणीतरी.